हिशेब एकमेकांच्या अणुद्रव्याचा : ‘अबाक’ची वाटचाल

ब्राझील आणि अर्जेंटिना हे दोन शेजारी देश गेली तीन दशकांहून अधिक काळ एकमेकांच्या अणुकेंद्रांची तपासणी करत आले आहेत. अर्जेंटिनाच्या केंद्रात ब्राझीलचा निरीक्षक जातो, ब्राझीलच्या केंद्रात अर्जेंटिनाचा. हे काम ज्या संस्थेमार्फत चालते तिचे पूर्ण नाव ‘अणुद्रव्यांचा हिशेब व नियंत्रण यांसाठीची ब्राझील-अर्जेंटिना संस्था’. आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘अबाक’ म्हणतात. कार्यालय रिओ दी जानेरोत आहे. फक्त दोन देशांनी मिळून चालवलेली अशी दुसरी संस्था जगात नाही.

संस्थेचा जन्म १८ जुलै १९९१ चा. पण तिचा इतिहास त्या तारखेपासून सांगायला घेतला तर निम्मी गोष्ट हातची जाते. दोन्ही देशांत आधी विश्वास निर्माण झाला आणि मग त्यांनी दारे उघडली, असे इथे घडलेले नाही. आधी दारे किलकिली झाली, मग आत डोकावणे नेमाचे झाले आणि विश्वास त्या नेमाच्या मागून आला. या क्रमामुळेच संस्था टिकली. म्हणून तो क्रम नीट पाहायला हवा.

संशयाची मुळे

अर्जेंटिनाने राष्ट्रीय अणुऊर्जा आयोग स्थापन केला तो १९५० साली, हुआन पेरॉन यांच्या कारकिर्दीत. सुरुवात फजितीची झाली. रोनाल्ड रिक्टर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने पॅटागोनियातील हुएमुल बेटावर नियंत्रित अणुसंमीलन साधल्याचा दावा केला आणि १९५१ मध्ये पेरॉन यांनी तो जगाला जाहीर करून टाकला. पुढे होसे अंतोनियो बालसेइरो आणि इतर तज्ज्ञांनी बेटावर जाऊन मोजमापे घेतली, तेव्हा दाव्याला काहीच आधार नसल्याचे निघाले. त्याच बालसेइरोंनी बारिलोचे येथे उभारलेल्या शिक्षणसंस्थेतून देशाच्या अणुशास्त्रज्ञांच्या पिढ्या तयार झाल्या. १९७४ मध्ये अतुचा-१ ही लॅटिन अमेरिकेतील पहिली अणुवीज देणारी भट्टी अर्जेंटिनातच सुरू झाली.

ब्राझीलमध्ये या क्षेत्राचा पाया घातला अ‍ॅडमिरल आल्वारो आल्बेर्तो यांनी. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष. युरेनियम समृद्ध करणारी अपकेंद्री यंत्रे त्यांना युद्धोत्तर जर्मनीतून आणायची होती, पण जर्मनीचा ताबा असलेल्या दोस्तराष्ट्रांनी ती अडवली. तंत्रज्ञान मागून मिळत नाही, हा धडा ब्राझीलच्या नौदलाने तेव्हाच गिरवला आणि पुढे कधी विसरला नाही.

दोन्ही देशांची बाहेरच्या जगाबद्दलची तक्रार मात्र एकच होती. १९६७ मध्ये मेक्सिको सिटीत त्लातेलोल्को करार झाला. लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठेवणाऱ्या या कराराचे शिल्पकार मेक्सिकोचे आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांना १९८२ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले. अर्जेंटिनाने त्यावर सही केली, पण संसदेची मान्यता घेतली नाही. ब्राझीलने मान्यता दिली, पण संबंधित सर्व देश सामील होईपर्यंत तो आपल्याला लागू होणार नाही अशी पाचर मारून ठेवली. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर तर दोघांनीही सही केली नाही. पाच देशांनी बॉम्ब बाळगायचे आणि बाकीच्यांनी तपासण्या सोसायच्या, हा दुजाभाव मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. भारतही तेव्हा हेच म्हणत होता.

१९७४ च्या पोखरण चाचणीचे पडसाद दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचले ते या वळणावर. त्या स्फोटासाठीचे प्लुटोनियम मुंबईजवळच्या ट्रॉम्बे येथील ‘सायरस’ भट्टीतले होते आणि ती भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती. पोळलेल्या कॅनडाने आपल्या पुढच्या गिऱ्हाइकांवर अटी कडक केल्या. एम्बाल्से येथील कॅनेडियन भट्टीचा करार नुकताच केलेला अर्जेंटिना त्यात सापडला. अणुसामग्री पुरवठादार देशांचा गटही याच धक्क्यातून जन्मला. इकडे ब्राझीलने जून १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीशी आठ भट्ट्या आणि इंधनाची संपूर्ण साखळी मिळवण्याचा प्रचंड करार केला. ब्युनोस आयर्समध्ये तो वाचला गेला तो शेजाऱ्याच्या बॉम्बची पूर्वतयारी म्हणून.

दोन्हीकडे लष्करी राजवट होती आणि दोन्हीकडे काही केंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीच्या बाहेर होती. अर्जेंटिनाने पॅटागोनियात पिल्कानियेउ येथे युरेनियम समृद्धीकरणाचा कारखाना गुपचूप उभारायला घेतला. ब्राझीलमध्ये १९७९ च्या सुमारास ‘समांतर कार्यक्रम’ सुरू झाला. जर्मन करारातील अधिकृत प्रकल्प कागदोपत्री उघडे होते. सेनादलांचे काम त्यांच्या शेजारून, कोणाला न सांगता चालले होते. एकाही देशाने बॉम्ब बांधायचा अंतिम निर्णय घेतल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. पण समोरचा काय करतो आहे हे दिसत नसले की माणूस वाईटातले वाईट धरून चालतो, आणि देशही तसेच वागतात.

आधी नदीचा तंटा मिटला

सलोख्याची पहिली पायरी अणूची नव्हती, पाण्याची होती. पाराना नदीवर ब्राझील आणि पराग्वे यांनी १९७३ च्या कराराने इताइपू धरण हाती घेतले. नदी पुढे अर्जेंटिनात जाते. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या हाती पाण्याची चावी गेल्याने अर्जेंटिनाचे लष्कर अस्वस्थ होते. हे पाणी सोडून आपली शहरे बुडवता येतील, अशीही चर्चा तिथे चाले. ऑक्टोबर १९७९ मध्ये तिन्ही देशांनी पाण्याची पातळी आणि विसर्ग ठरवणारा करार केला आणि हा तंटा संपला.

त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, मे १९८० मध्ये, ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष जुआंव फिगेरेदो ब्युनोस आयर्सला गेले. तिथे अणुसहकार्याचा पहिला करार झाला. दोन्ही बाजूंना सत्तेवर लष्करशहाच होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. युरेनियम उसने देण्यापासून इंधनासाठी लागणाऱ्या नळ्या पुरवण्यापर्यंतचा व्यवहार त्यातून सुरू झाला. रक्कम फार मोठी नव्हती, पण दोन्ही देशांच्या अणुआयोगांतले अभियंते एकमेकांना नावानिशी ओळखू लागले.

१९८२ च्या माल्विनास (फॉकलंड) युद्धात ब्राझीलने तटस्थता सांभाळूनही अर्जेंटिनाला दुखावले नाही. युद्धानंतर लंडनमध्ये अर्जेंटिनाचे हितसंबंध ब्राझीलनेच पाहिले. याच युद्धात ब्रिटनच्या अणुपाणबुडीने ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका बुडवली आणि ३२३ खलाशी मरण पावले. अणुबॉम्ब न वापरताही अणुशक्ती सागरी युद्ध कसे फिरवते हे दोन्ही नौदलांनी पाहिले. संस्थेच्या इतिहासात पाणबुडी पुढे पुन्हा येणार आहे.

मग आला नोव्हेंबर १९८३. सत्ता लोकनियुक्त सरकारकडे सोपवण्याच्या तोंडावर अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने पिल्कानियेउचे गुपित फोडले : युरेनियम समृद्ध करण्याचे तंत्र आपल्याला साधले आहे. मात्र जाहीर करण्याआधी ही बातमी पत्राने फिगेरेदो यांच्या कानावर घातली गेली. शेजाऱ्याला वर्तमानपत्रातून कळू नये, एवढीच काळजी त्यात होती. पण या एका पत्राने प्रथा पाडली. सप्टेंबर १९८७ मध्ये समृद्धीकरण साधल्याचे जाहीर करण्याची पाळी ब्राझीलवर आली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जोसे सार्ने यांनीही आधी ब्युनोस आयर्सला कळवले.

पुलावरून कारखान्यापर्यंत

लोकशाही आली आणि वेग वाढला. अर्जेंटिनाचे राउल आल्फोन्सिन डिसेंबर १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. एकमेकांच्या केंद्रांना भेटी द्याव्यात ही कल्पना त्यांनी १९८५ च्या आरंभी ब्राझीलचे नियोजित राष्ट्राध्यक्ष तांक्रेदो नेव्हिस यांच्यापुढे मांडली. नेव्हिस पदाची शपथ घेण्यापूर्वीच आजारी पडले आणि एप्रिलमध्ये गेले. जबाबदारी सार्ने यांच्यावर आली.

नोव्हेंबर १९८५ च्या अखेरीस दोघे सीमेवरील फोझ दो इग्वासू येथे भेटले. दोन देशांना जोडणाऱ्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. पुलाला नाव दिले तांक्रेदो नेव्हिस यांचे. ३० नोव्हेंबरला अणुधोरणाविषयी संयुक्त जाहीरनामा निघाला. त्यात परस्पर तपासणीचा शब्द नव्हता. ब्राझीलची सेनादले त्याला तयार नव्हती, म्हणून परराष्ट्र खात्यांच्या देखरेखीखाली एक संयुक्त कार्यगट नेमण्यावर भागवले गेले. वरकरणी हे टोलवाटोलवीसारखे दिसते. पण या गटाच्या बैठका ठरल्या वेळी होत राहिल्या, आणि ‘अबाक’चे बीज या बैठकांतच रुजले.

जुलै १९८७ मध्ये आल्फोन्सिन यांनी सार्ने यांना थेट पिल्कानियेउला नेले. पॅटागोनियातला कडक हिवाळा, माळरानावरचा तो कारखाना आणि आत शिरणारा ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष. सोबत ब्राझीलचे शास्त्रज्ञही होते. ज्या जागेमुळे ब्राझीलच्या लष्कराची झोप उडाली होती, ती आता त्यांचे तज्ज्ञ आतून पाहत होते. कारखान्याची खरी कुवत किती, हे अनुभवी माणसाला यंत्रांच्या रांगांवरून कळते. भीतीला आकार आला आणि आकार आल्यावर ती लहान झाली.

परतफेड एप्रिल १९८८ मध्ये झाली. साओ पावलो राज्यातील इपेरोजवळ, आरामार येथे, नौदलाने समृद्धीकरणाचा कारखाना उभारला होता आणि त्याला आल्वारो आल्बेर्तो यांचे नाव दिले होते. त्याच्या उद्घाटनाला सार्ने यांच्या शेजारी आल्फोन्सिन उभे होते. त्या वेळी कार्यगटाला कायमस्वरूपी समितीचा दर्जा मिळाला. वर्षअखेरीस सार्ने ब्युनोस आयर्सजवळच्या एसेइसा येथील प्लुटोनियम वेगळे करण्याच्या प्रयोगशाळेत गेले. त्याच वर्षी ब्राझीलच्या नव्या राज्यघटनेत कलम आले की देशातील अणुविषयक सर्व काम शांततेसाठीच असेल आणि त्याला संसदेची मंजुरी लागेल.

या भेटींत कुणी मापे घेतली नाहीत की नोंदवह्या तपासल्या नाहीत. त्यांना तपासणी म्हणता येणार नाही. पण दोन्ही लष्करांना एक गोष्ट कळली : शेजारी आत येऊन गेला तरी आपले काही बिघडत नाही.

चुना, जाहीरनामा आणि करार

एक गाठ मात्र ब्राझीलच्या घरातच होती. पारा राज्यात, काशिंबोच्या डोंगराळ प्रदेशात, हवाईदलाच्या ताब्यातील जागेत सुमारे ३२० मीटर खोल विवर खणलेले होते. ‘फोल्या दे साओ पावलो’ या दैनिकाने ते १९८६ मध्ये उजेडात आणले. इतक्या खोल, सरळ उभ्या विवराचा उपयोग अणुचाचणीशिवाय दुसरा काय, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. सप्टेंबर १९९० मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो कोलोर छायाचित्रकारांना घेऊन तिथे गेले आणि विवर बुजवण्याची सुरुवात म्हणून त्यांनी आत फावडेभर चुना टाकला. काही दिवसांतच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी सांगितले की शांततेच्या नावाखाली होणाऱ्या अणुस्फोटांचा हक्कही ब्राझील सोडून देत आहे.

अर्जेंटिनात तोवर कार्लोस मेनेम आले होते. २८ नोव्हेंबर १९९० रोजी कोलोर आणि मेनेम पुन्हा फोझ दो इग्वासूलाच भेटले. पाच वर्षांपूर्वी जे टाळले होते ते आता लिहिले गेले : दोन्ही देशांतील सर्व अणुद्रव्याचा एक सामायिक हिशेब ठेवायचा आणि तो एकमेकांनी तपासायचा. जुलै १९९१ मध्ये मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे, इबेरो-अमेरिकन शिखर परिषदेच्या निमित्ताने, या हिशेबाला कराराचे रूप मिळाले आणि तो सांभाळण्यासाठी ‘अबाक’ स्थापन झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला करार अमलात आला. दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नात दोन्ही देश, ‘अबाक’ आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अशा चौघांनी चतुष्पक्षीय करारावर सह्या केल्या. त्याला दोन्ही संसदांची मान्यता मिळून तो लागू व्हायला ४ मार्च १९९४ उजाडले. तोवर, १९९२ च्या जुलैपासून, संस्थेचे काम सुरूही झाले होते.

ग्वादालाहारा कराराची भाषा धूर्त नाही, पण सावध आहे. अण्वस्त्रे बनवणे, मिळवणे, बाळगणे किंवा त्यांची चाचणी घेणे यांवर बंदी आहे. शांततेसाठीचा अणुस्फोट आणि लष्करी अणुस्फोट यांत तांत्रिक फरक करता येत नाही, म्हणून पहिल्यावरही बंदी आहे. याउलट पाणबुडीसह कोणतेही वाहन अणुशक्तीवर चालवण्याचा हक्क राखून ठेवला आहे. कोणी गंभीर भंग केला तर दुसऱ्याला करार मोडता येतो आणि तसे संयुक्त राष्ट्रांना व अमेरिकी राष्ट्रसंघटनेला कळवावे लागते.

जुनी हट्टाची गाठही मग सुटत गेली. त्लातेलोल्को करार दोन्ही देशांना १९९४ मध्ये पूर्णपणे लागू झाला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात अर्जेंटिना १९९५ मध्ये आला, ब्राझील १९९८ मध्ये. ज्या तपासण्या परक्यांनी लादल्या म्हणून दोघे पंचवीस-तीस वर्षे नाकारत होते, त्याच त्यांनी आधी एकमेकांच्या हातून मान्य केल्या होत्या. शेजाऱ्यापुढे बरोबरीच्या नात्याने मान्य केलेली गोष्ट जगापुढे मान्य करताना कमीपणा राहत नाही, हे गमक ज्या मुत्सद्द्यांनी ओळखले त्यांचे मोठे श्रेय आहे.

संस्थेची घडण

रचना मुद्दाम आटोपशीर ठेवलेली आहे. धोरण ठरवणारा आयोग चार सदस्यांचा, प्रत्येक देशाचे दोन. त्याखाली सचिवालय. सचिव आणि उपसचिव वेगवेगळ्या देशांचे असतात आणि सचिवपद दरवर्षी आलटून पालटून जाते. कायम कर्मचारी मोजकेच. निरीक्षकांची यादी मात्र मोठी, दोन्ही देश मिळून शंभराच्या आसपास. हे निरीक्षक एरवी आपापल्या देशाच्या नियामक यंत्रणेत, प्रयोगशाळेत किंवा आयोगात नोकरी करतात. बोलावणे आले की तेवढ्या दिवसांपुरते ते ‘अबाक’चे होतात आणि फक्त ‘अबाक’लाच उत्तरदायी असतात.

या व्यवस्थेचा फायदा असा की तपासायला जाणारा माणूस त्याच धंद्यातला असतो. अर्जेंटिनाच्या इंधन कारखान्यात हिशेब ठेवणारा अभियंता ब्राझीलच्या कारखान्यातील वह्या उघडतो, तेव्हा कुठे चूक होऊ शकते आणि कुठे ती केली जाऊ शकते, हे त्याला सांगावे लागत नाही. आणि पुढच्या महिन्यात त्याच्या टेबलासमोर पलीकडचा माणूस बसणार असतो. दोन दुकानदारांनी वर्षअखेरीस एकमेकांचा गल्ला मोजावा, तसा हा प्रकार आहे.

तपासणीचा दिवस

निरीक्षक केंद्रावर आला की आधी कागद उघडले जातात. प्रत्येक केंद्र हे हिशेबाचे एक खाते असते. किती युरेनियम आले, किती गेले, प्रक्रियेत किती अडकले, किती वाया गेले, याची नोंद ग्रॅमपर्यंत असते. सचिवालयाला आधी कळवलेले आकडे आणि केंद्राच्या वहीतले आकडे जुळवून पाहिले जातात. नंतर प्रत्यक्ष माल. युरेनियम हेक्साफ्लोराइडने भरलेले, सव्वादोन टनांपर्यंत माल मावणारे पोलादी सिलिंडर वजनकाट्यावर चढतात. गॅमा किरणांचे मापक पोलादी भिंतीला लावून आतल्या युरेनियमची समृद्धी बाहेरून ताडून पाहिली जाते. वापरलेल्या इंधनाचे गठ्ठे तळ्यातल्या पाण्याखाली मोजले जातात. मागच्या खेपेला लावलेली सीले जशीच्या तशी आहेत का, हे तपासून नवी लावली जातात. कॅमेऱ्यांतली चित्रे काढून घेतली जातात. शेवटी यंत्रांच्या आणि जमिनीच्या पृष्ठभागावरून सुती कापडाचे तुकडे फिरवून ते पिशव्यांत बंद होतात; डोळ्यांना न दिसणारे कणही प्रयोगशाळेत आपली समृद्धी सांगून जातात.

सगळे जुळले तरी थोडा फरक उरतोच, कारण नळ्यांत आणि गाळण्यांत काहीतरी चिकटून राहते. तो फरक मापनाच्या मर्यादेत आहे की नाही, यावर निष्कर्ष ठरतो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ८ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियमातील २५ किलो युरेनियम-२३५ एवढा माल गायब झाला तर बॉम्बची शक्यता धरावी लागते. त्याहून फार आधी सुगावा लागावा, यासाठी ही सगळी मोजदाद.

या कामातून संस्थेच्या नावाची एक पद्धतही जगाला मिळाली. हेक्साफ्लोराइडचा नमुना घेऊन दूरच्या प्रयोगशाळेत पाठवणे जिकिरीचे असते. हा पदार्थ घातक, आणि हवेतल्या दमटपणाशी तत्काळ प्रतिक्रिया देणारा. म्हणून नमुन्याचा वायू अ‍ॅल्युमिनाच्या बारीक गोळ्यांवरून नेऊन तिथेच त्याचे स्थिर घन संयुगात रूपांतर करण्याची युक्ती निघाली. माल कमी लागतो आणि प्रवासातला धोका घटतो. ‘अबाक-क्रिस्तालिनी’ या नावाने ती आता ओळखली जाते.

वर्षाकाठी शंभराहून अधिक तपासण्या होतात. त्यांतल्या काही अगदी थोड्या अवधीच्या सूचनेवर किंवा सूचनेविनाही असतात. बहुतेक वेळा व्हिएन्नाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, निरीक्षकही सोबत असतात. यंत्रे आणि सीले सामायिक वापरली जातात, पण निष्कर्ष दोघांनी स्वतंत्रपणे काढायचे, असे चतुष्पक्षीय करारातच लिहिले आहे.

कसोटीचे प्रसंग

सर्वांत अवघड प्रसंग २००४ चा. रिओ राज्यातील रेझेंदे येथे ब्राझील व्यापारी समृद्धीकरणाचा कारखाना सुरू करत होता. अपकेंद्री यंत्रांची रचना नौदलाच्या संशोधनातून आलेली. ती व्यापारी गुपित आहे असे सांगून ब्राझीलने यंत्रांसमोर पडदे उभे केले. व्हिएन्नाच्या निरीक्षकांनी आक्षेप घेतला. इराणच्या समृद्धीकरणावरून तेव्हाच गदारोळ चालू होता, त्यामुळे जगाच्या वर्तमानपत्रांत रेझेंदेचे नाव झळकले. महिनोन् महिने बोलणी झाली. वर्षअखेरीस तोडगा निघाला : यंत्रे झाकलेली राहतील, पण आत जाणारा आणि बाहेर येणारा माल, भोवतीच्या नळ्या आणि झडपा पूर्ण उघड्या राहतील.

या तोडग्यावर समाधान न मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. झाकलेले यंत्र न पाहता त्यातल्या मालाबद्दल शंभर टक्के खात्री कशी देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अधिक कडक ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’ दोन्ही देशांनी स्वीकारलेला नाही. जाहीर न केलेली ठिकाणे शोधण्याचे अधिकार त्यातून मिळतात. अण्वस्त्रधारी देश निःशस्त्रीकरणाकडे सरकल्याशिवाय नवी बंधने घेणार नाही, असे ब्राझीलने २००८ च्या संरक्षणविषयक धोरणात लिहून ठेवले. ‘अबाक’चा आडोसा करून दोघे हे टाळतात, असे टीकाकार म्हणतात. पुरवठादार देशांच्या गटाने जून २०११ मध्ये चतुष्पक्षीय कराराला प्रोटोकॉलचा तूर्तचा पर्याय म्हणून मान्यता दिली. हा संस्थेचा गौरव समजायचा की वाद पुढे ढकलणे, यावर मतभेद आहेत.

एका कसोटीत मात्र संस्था निर्विवाद उतरली आहे. १९९१ पासून दोन्ही देशांत आर्थिक कोसळण, महाभियोग, सत्तापालट असे बरेच काही झाले. २०१९ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फेर्नांदेस यांच्या शपथविधीला ब्राझीलचे बोल्सोनारो गेले नाहीत. २०२३ मध्ये अर्जेंटिनाचे हाविएर मिलेई यांच्या शपथविधीला ब्राझीलचे लुला गेले नाहीत. अशा अबोल्याच्या काळातही सीमेपलीकडचा निरीक्षक ठरल्या दिवशी फाटकाशी हजर राहिला आणि त्याला आत घेतले गेले.

इतरांना काय घेता येईल

‘अबाक’चा नमुना पश्चिम आशिया, कोरिया, दक्षिण आशिया अशा ठिकाणी वापरता येईल का, ही चर्चा परिषदांतून वरचेवर होते. तिथे कोरियाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १९९२ च्या आरंभी, म्हणजे ‘अबाक’ कामाला लागण्याच्याही आधी, दोन्ही कोरियांनी अण्वस्त्रमुक्तीचा संयुक्त जाहीरनामा केला आणि परस्पर तपासणीसाठी संयुक्त आयोगही नेमला. पण तपासणी कशाची आणि कशी, यावरच घोडे अडले. एकही परस्पर तपासणी झाली नाही, आणि २००६ मध्ये उत्तर कोरियाने बॉम्ब फोडला. कागद दोन्हीकडे होते. फोझ दो इग्वासूपासून एसेइसापर्यंतच्या भेटींची पायवाट मात्र कोरियात नव्हती.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातही एक बारीक धागा आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार डिसेंबर १९८८ मध्ये झाला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी परस्परांना देतात. युद्धजन्य तणावातही हा रिवाज मोडलेला नाही. पण दोघांकडेही बॉम्ब आहेत. ब्राझील-अर्जेंटिनाने बॉम्ब होण्यापूर्वीच दारे उघडली. हा फरक झाकून उदाहरण गिरवता येणार नाही.

पुढचे काम

संस्थेपुढचे नजीकचे मोठे काम पाणबुडीचे आहे. फ्रान्सच्या सहकार्याने ब्राझील पाणबुड्या बांधतो आहे. त्यांतली ‘आल्वारो आल्बेर्तो’ ही अणुशक्तीवर चालेल आणि तिची अणुभट्टी ब्राझीलची स्वतःची असेल. पाणबुडी समुद्रात गेली की तिच्यातले इंधन महिनोन् महिने निरीक्षकाच्या नजरेआड राहणार. चतुष्पक्षीय कराराच्या १३ व्या कलमात अशा इंधनासाठी विशेष पद्धत ठरवण्याची तरतूद आहे, आणि २०२२ मध्ये ब्राझीलने त्यासाठी व्हिएन्नाशी बोलणी सुरू केली. अण्वस्त्रे नसलेल्या देशाने अणुपाणबुडीच्या इंधनाचा हिशेब कसा द्यायचा, याला जगात पूर्वोदाहरण नाही. इथे जे ठरेल ते उद्या अणुपाणबुड्या घेऊ पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियालाही लावून पाहिले जाईल. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे महासंचालकपद २०१९ च्या डिसेंबरपासून अर्जेंटिनाचे राफाएल ग्रोसी यांच्याकडे असल्याने हा विषय तिथे कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

या बोलण्यांत ‘अबाक’चे वजन कायद्याच्या कलमापेक्षा तिच्या नोंदवह्यांतून येईल. पाणबुडी बंदरातून निघताना किती इंधन घेऊन गेली आणि परतताना किती घेऊन आली, याचा मेळ अर्जेंटिनाच्या निरीक्षकाला पटला पाहिजे. तो पटला तर ब्राझीलच्या नौदलाला आपले म्हणणे जगापुढे मांडण्यासाठी वेगळा साक्षीदार शोधावा लागणार नाही. मेळ बसला नाही, तर तसे स्पष्ट लिहिण्याचा अधिकार आणि बळ संस्थेकडे आहे का, हे त्या दिवशी कळेल. इतक्या वर्षांच्या कामाची खरी परीक्षा ती असेल.